बिल्ट-इन फ्रीज बाहेर काढायचाय? आधी फरशी झाडून घ्या

साधा फ्रीज रिपेअर करायला गेलो की आपण काय करतो, पुढून जरा उचलतो, मागच्या चाकांवर ओढतो, भिंतीपासून दोन फूट पुढे घेतो आणि मागे बसून कामाला लागतो. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांचा हात याच फ्रीजवर बसलेला असतो. बिल्ट-इनला यातलं काहीही चालत नाही. तो किचनच्या टॉल युनिटमध्ये, म्हणजे उंच कपाटात, स्क्रूने धरलेला असतो, त्याच्या दारावर किचनचंच शटर, म्हणजे कपाटाचं दार, लावलेलं असतं, दोन्ही बाजूंना पाच-दहा मिलिमीटरची फट, आणि समोर पसरलेली असते लोकांनी हौसेने टाकलेली इटालियन मार्बलची नाहीतर लाकडी फरशी. फ्रीजमधला पार्ट बदलून मिळतो, आठ वर्षांपूर्वीच्या सनमायकाचा तोच शेड आज दुकानात मिळत नाही, हे एक डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचा.

मी हे काम पुण्यात आणि थोडंफार मुंबईत करतो. सुरुवातीच्या दिवसांत कोथरूडला एका घरी गेलो होतो, कूलिंग नाही अशी तक्रार. जुनी चादर टाकली, दोघांनी मिळून फ्रीज ओढला, व्यवस्थित बाहेर आला, रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा पार्ट) बदलला, परत ढकलला. चादर उचलली तर खाली मार्बलवर हातभर लांब एक वाकडी पांढरी रेघ. चादरीखाली वाळूचा एक खडा राहिला होता, तो फ्रीजच्या पायाखाली आला आणि वजनासकट घासत गेला. त्या काकू काही ओरडल्या नाहीत. खाली बसल्या, त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अरे, पाडव्याला तर वास्तुशांत झाली रे." पॉलिशवाला मी माझ्या पैशाने आणला, रेघ बरीचशी गेली, पण खिडकीच्या उजेडात तिरकं बघितलं की दिसतेच. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत हातात धरायचा ब्रश आणि छोटा व्हॅक्युम असतो आणि घरात शिरल्यावर पहिलं काम झाडायचं.

फोनवरच अर्धं काम करून घ्या

जायच्या आधी कस्टमरकडून चार फोटो मागवा. एक मॉडेलच्या स्टिकरचा, तो बहुतेक वेळा आत भाजीच्या ट्रेच्या बाजूच्या भिंतीवर असतो. दुसरा शटर उघडं ठेवून बिजागरीच्या बाजूचा. तिसरा खालच्या स्कर्टिंग पट्टीचा आणि चौथा वर लॉफ्टपर्यंतचा. फरशी कसली आहे ते विचारा. वॉरंटी चालू आहे का ते तर पहिलं विचारा, चालू असेल तर हात लावू नका, कंपनीकडेच पाठवा, तुमच्या हातून एक सील तुटलं की त्यांची वॉरंटी गेली. आणि ज्याने किचन बनवलं त्या कार्पेंटरचा नंबर आहे का तेही विचारून ठेवा, कधीकधी त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की लपवलेले स्क्रू कुठे आहेत ते कळतं आणि तास वाचतो.

कस्टमरला वेळेचा आणि पैशाचा अंदाज तेव्हाच द्या. दोन माणसं लागतील, फ्रीज बाहेर काढावा लागला तर तीन-चार तास जातील, सामान बर्फाच्या डब्यात काढून ठेवा. ऐनवेळी दारात उभं राहून रेट वाढवला की लोकांना फसवल्यासारखं वाटतं आणि ते बरोबरच आहे.

समोर आहे तो कुठल्या जातीचा

आपल्याकडे तीन-चार प्रकार दिसतात. युरोपियन पद्धतीचे जे असतात त्यांचा खण साधारण ५६० मिलिमीटर रुंद, ५५० खोल आणि उंच मॉडेलला १७८० च्या आसपास उंच असतो. यात शटर लावायच्या दोन पद्धती. एकात शटर थेट फ्रीजच्या दारावर बसवलेलं असतं, उघडलं की दोन्ही एकच होऊन येतात आणि किचनची वेगळी बिजागरी नसतेच. दुसऱ्यात शटर किचनच्या बॉक्सला स्वतःच्या बिजागरीवर लटकलेलं असतं, फ्रीजचं दार वेगळं, आणि दोघांना जोडणारी एक प्लास्टिकची पट्टी उघडताना सरकते, तिला आपण स्लायडर म्हणतो. शटर अर्धवट उघडा आणि बिजागरीकडे बघा, लगेच कळतं.

मोठ्या बंगल्यांमध्ये कधीतरी अमेरिकन पद्धतीचा येतो, ज्याचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या) वर जाळीमागे असतो. त्यातलं बरंच काम समोरून शिडीवर उभं राहून होतं, पण तो प्रचंड जड असतो, पुढे पडू नये म्हणून कंपनीने मागे ब्रॅकेट दिलेला असतो आणि पहिल्या वर्षात तुम्ही एकट्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि चौथा, आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारा, तो खरं तर बिल्ट-इन नाहीच. साधाच फ्रीज, सुताराने त्याच्याभोवती प्लायची चौकट करून वर लॉफ्ट मारून बंद केलेला. दिसतो छान पण बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागा नसते.

बाहेर काढायची खरंच गरज आहे का

नवीन मुलं इथेच चुकतात, पोचल्या पोचल्या फ्रीज ओढायला बघतात. बिल्ट-इनच्या बऱ्याच तक्रारी फ्रीज जागेवरून न हलवता सुटतात, आणि जो फ्रीज बाहेर काढलाच नाही त्याच्याने फरशीला काही होत नाही. लाइट, दाराचा स्विच, सेन्सर, आतला पंखा, डीफ्रॉस्ट हीटर, डॅम्पर (थंड हवेची झडप), गॅस्केट (दाराची रबरी कड), पाण्याची ड्रेन नळी, हे सगळं समोरून होतं. कॉम्प्रेसर, रिले, मागचा कंडेन्सर, कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे आणि गॅसचं काम, यासाठी मात्र काढावा लागतो.

कूलिंग कमी आहे अशी तक्रार असेल तर आधी हवा बघा. बिल्ट-इन फ्रीजला खालून गार हवा आत यायला आणि मागून वर जाऊन बाहेर पडायला वाट लागते, खाली आणि वर प्रत्येकी किमान २०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा, आणि मागे साधारण चार सेंटिमीटर खोल पोकळी. आपल्याकडे होतं काय, किचनवाले स्कर्टिंगला झुरळं येऊ नयेत म्हणून सिलिकॉन मारून टाकतात आणि वर लॉफ्टचा तळ सीलबंद करतात. मग कॉम्प्रेसर चोवीस तास चालतो, हात लावला तर चटका बसतो, आणि मालक म्हणतात गॅस संपला. खालची पट्टी हाताने ओढली की क्लिपांतून सुटते, सिलिकॉन असेल तर पातळ प्लास्टिकच्या पातीने हळूहळू सोडवा, स्टीलची पाती वापरली की लॅमिनेटला चीर जाते. पट्टी काढून फ्रीज एक रात्र तसाच चालू द्या, पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून आत ठेवायला सांगा. सकाळी चार-पाच डिग्रीवर आला असेल तर तुमचं काम जाळीची पट्टी बसवण्याचं आहे, कॉम्प्रेसरचं नाही.

अजून एक गोष्ट बघायची ती स्टिकरवरचा क्लायमेट क्लास. एन म्हणजे १६ ते ३२ डिग्री खोलीच्या तापमानासाठी, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. एन क्लासचा बाहेरून आणलेला फ्रीज नागपूरला मे महिन्यात बंद किचनमध्ये ठेवला तर तो धापा टाकणारच, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, हे मालकाला समजावून सांगणं हेच तुमचं काम.

पाणी गळण्याची तक्रारही बहुतेक वेळा समोरून सुटते. आत मागच्या भिंतीच्या तळाशी छोटं भोक असतं, त्यात कोथिंबिरीची पानं, कढीपत्ता, शेंगदाण्याची सालं जाऊन बसतात. सुई नसलेली सिरिंज घ्या, कोमट पाणी हळू सोडा, बारीक लवचिक प्लास्टिकची केबल टाय आत फिरवा. तार घालू नका, नळीला भोक पडलं तर पाणी इन्सुलेशनमध्ये जातं. आणि हे नीट लक्षात ठेवा, तुम्ही सोडलेलं पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या छोट्या ट्रेमध्ये जातं, तो ट्रे तुम्हाला दिसत नसतो. अर्धा लिटर पाणी ओतलं तर ट्रे भरून खाली वाहतं आणि लाकडी फरशी असेल तर सांध्यातून आत शिरून दोन दिवसांनी फुगते, तोवर तुम्ही घरी पोचलेले असता. चाळीस-पन्नास मिली पुरतं, स्कर्टिंग काढून टॉर्च मारून बघत बघत करा.

गॅस्केट ढिलं असेल तर हेअर ड्रायरने गरम करून हाताने आकार देता येतो. ड्रायर एका जागी धरू नका आणि शेजारच्या शटरच्या कडेपासून लांब ठेवा, कडेची पट्टी ज्या गोंदाने चिकटवलेली असते तो उष्णतेने सुटतो.

काढायचाच आहे असं ठरलं की

आधी फोटो. फरशी, दोन्ही बाजूंचे पॅनेल, शटरच्या कडा, कोपरे, सगळं मालकांना शेजारी उभं करून. "ताई, हा टवका आधीचा आहे, बघून घ्या" असं शांतपणे दाखवलं की कुणाला राग येत नाही, उलट हा माणूस जपून करतोय असं वाटतं. फरशीच्या टाइल्स बोटाच्या पेराने वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर त्या जागी फ्रीजचं वजन एका पायावर येऊ द्यायचं नाही, व्हिट्रिफाइड टाइल कडक असते पण खाली पोकळ असली की कोपऱ्यात तडकते.

मग झाडणं. ब्रश, व्हॅक्युम, मग ओला घट्ट पिळलेला फडका, मग कोरडा. ओट्यापासून हॉलपर्यंत फ्रीज जिथपर्यंत येणार तिथपर्यंत. त्यावर धुतलेली जाड चादर किंवा फोमची शीट, आणि त्यावर ६ मिलिमीटरचे प्लायचे तुकडे, कडा घासून गुळगुळीत केलेले. नुसती चादर वजन पसरवत नाही आणि नुसता प्लाय स्वतःच घासतो, दोन्ही लागतं. प्लायचे तुकडे एकमेकांना टेपने जोडा, फरशीला टेप लावू नका. मार्बलवर वर्तमानपत्र तर अजिबात नको, जरा ओल लागली की शाई दगडात उतरते. मार्बल मऊ दगड आहे, तेल पितो आणि आंबट कशानेही त्याची चकाकी जाते, त्यामुळे पुसायला लिंबाचं किंवा व्हिनेगरचं लिक्विड कुणी पुढे केलं तरी घेऊ नका.

घड्याळ, अंगठी, कडं, पट्ट्याचं बक्कल, खिशातला टेस्टर, सगळं काढून ठेवा. शटरवरचे कितीतरी ओरखडे पट्ट्याच्या बक्कलने पडलेले असतात.

पॅनेलच्या कडांना पुठ्ठ्याचे किंवा फोमचे एल आकाराचे तुकडे लावा. चिकटवायला हलक्या पकडीचा पेंटरचा मास्किंग टेप, तोही आधी आतल्या बाजूला बोटभर लावून बघा. पॉलिश केलेल्या व्हिनियरवर मी टेप लावतच नाही, त्यापेक्षा पुठ्ठा दोरीने बांधतो. नवीन पीयू पेंट असेल तर टेपबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो. आणि लावलेला टेप त्याच दिवशी काढायचा.

शटर उतरवणं

वीज आधी बंद, बोर्डावरून नाही तर एमसीबी पाडून. शेजारच्या कपाटात प्लग असेल तर तो काढा आणि प्लगला दोन मीटर मजबूत सुतळी बांधून वायरबरोबर आत जाऊ द्या, परत बसवताना त्याच सुतळीने वायर ओढून आणता येते, नाहीतर वायर फ्रीजखाली सापडते. बर्फाच्या मशीनला पाण्याची नळी असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, नळी काढताना खाली वाटी धरा.

शटरची जागा मार्क केल्याशिवाय एकही स्क्रू हलवायचा नाही. ब्रॅकेटच्या कडेने बारीक पेन्सिलने रेघ मारा. मग एकाने शटर दोन्ही हातांनी धरायचं, दुसऱ्याने हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू काढायचे. ड्रिल मशीन नको म्हणतो ते यासाठी की पार्टिकल बोर्डमधला स्क्रू मशीनने एकदा जास्त फिरला की भोकाचा भुगा होतो आणि पुढे तो कधीच घट्ट बसत नाही. चांगल्या मरीन प्लायला हा त्रास कमी, पण बॉक्स कसला आहे ते बाहेरून लॅमिनेटमुळे कळत नाही, म्हणून सगळीकडे हातानेच.

स्क्रू वाटीत टाकू नका. पुठ्ठ्यावर फ्रीजचं ढोबळ चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रात तिथेच खुपसून ठेवा. कारण सांगतो. बाजूचं पॅनेल १८ मिलिमीटर जाड असतं आणि स्क्रू १६ चा. चुकून लांबचा स्क्रू तिथे गेला तर पलीकडच्या कपाटात टोक बाहेर येतं, आणि कुणीतरी डबा काढताना हात फाडून घेतं.

उतरवलेलं शटर कोपऱ्यावर टेकवायचं नाही. दुसऱ्या खोलीत गादीवर किंवा चादरीवर आडवं, चांगली बाजू वर.

स्लायडरवालं असेल तर आधी पट्टीवरची टोपणं, मग स्लायडरचे स्क्रू, फ्रीजचं दार मोकळं झालं की सुती पट्टीने बांधून टाका. हे विसरलात आणि वरचे ब्रॅकेट सुटल्यावर दार उघडलं, तर दाराच्या वजनाने अख्खा फ्रीज पुढे झुकतो.

ओढताना

आता वरचे ब्रॅकेट, बाजूच्या पट्ट्या, खालचे पुढच्या पायाजवळचे स्क्रू. प्लास्टिकच्या टोपणांखाली, रबरच्या पट्टीमागे, सगळीकडे बघा. फ्रीज हलत नसेल तर जोर लावू नका. हलत नाही म्हणजे कुठेतरी अजून एक स्क्रू आहे, नाहीतर कुणीतरी सिलिकॉन नाहीतर फोम मारलाय. टॉर्च घेऊन परत एक फेरी मारा. मला एकदा वरच्या बिजागरीमागे काळ्या टोपणाखाली काळा स्क्रू सापडायला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास गेला त्याचं मला काहीही वाटत नाही.

इथे एक अडचण येते ती पुस्तकात नसते. युरोपियन खणातला फ्रीज जमिनीवर उभा नसतो, तो बॉक्सच्या तळफळीवर असतो आणि फळी स्कर्टिंगच्या उंचीएवढी, म्हणजे १०० मिलिमीटरच्या आसपास वर असते. ओढला की पुढचे पाय हवेत येतात. म्हणून ओढायच्या आधी बरोबर त्याच उंचीचा एक भक्कम पाट समोर तयार करा. मी प्लायच्या दोन पेट्या आणि १२, ६ आणि ३ मिलिमीटरच्या तुकड्यांचा ढीग बरोबर ठेवतो, मोजायच्या टेपने उंची घ्यायची, ढीग रचायचा, वरून सपाट फळी, त्यावर चादर, आणि पाट पुढे सरकू नये म्हणून मागून पाचर. पाट तळफळीपेक्षा दोन मिलिमीटर खाली चालेल, वर नको.

याच्या उलटही होतं. जुन्या फ्लॅटमध्ये नंतर टाइलवर टाइल टाकून घेतात आणि फ्रीज मात्र जुन्याच फरशीवर खड्ड्यात राहतो. तिथे आधी पाय वर घेऊन फ्रीज पातळ पाचरींवर चढवा, नव्या टाइलच्या पातळीला आला की मगच ओढा. त्या टाइलची कड ही सगळ्यात आधी तुटणारी जागा, तिच्यावर वजन घासू द्यायचं नाही.

पाय खाली-वर करताना किती फेरे फिरवले ते टेपवर लिहून फ्रीजच्या आत चिकटवा, डावा तीन, उजवा साडेतीन असं. वर थोडी जागा मोकळी झाली की पायांखाली गुळगुळीत प्लास्टिकची पातळ शीट सारा. दोघांनी फ्रीजच्या अंगाला खालच्या बाजूला धरायचं, दाराला किंवा हँडलला नाही, आणि सरळ ओढायचं. डावं-उजवं करत चालवत आणायची जी आपली सवय आहे तिने मागचा कोपरा दर वेळी पॅनेलला लागतो. दर हातभर अंतराला थांबा, वर बघा, बाजूला बघा, वायर बघा.

गॅसचं काम, आणि इथे मी ऐकून घेणार नाही

कॉम्प्रेसरवर पिवळा त्रिकोण आणि ज्वाळेचं चिन्ह असेल तर आत आर६००ए आहे, म्हणजे आयसोब्युटेन, पेटणारा. घरातल्या फ्रीजमध्ये तो थोडाच असतो, दीडशे ग्रॅमच्या आतच. पण हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि बिल्ट-इनमध्ये खाली म्हणजे बंद स्कर्टिंगच्या आत. हवेत १.८ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. त्यामुळे खणात असताना सिस्टम उघडायची नाही. शेगडी बंद, सिलिंडरचा कॉक बंद, खिडक्या उघड्या, फ्रीज गॅलरीत किंवा गच्चीत, नाही जमलं तर वर्कशॉपला.

लॅमिनेट आणि पीयूच्या जवळ नळी जोडायचा गॅसचा टॉर्च पेटवायचा नाही, ओला फडका धरून सुद्धा नाही. आर६००ए च्या सिस्टमला मी प्रेस करून बसवायचे लॉकरिंग जॉइंटच वापरतो, महाग पडतात पण ज्वाळेची गरज राहत नाही. गॅस वजनकाट्यावर मोजून, स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, गेजवर अंदाजाने नाही. चालू असताना याची लो साइड, म्हणजे कमी दाबाची बाजू, हवेच्या दाबाच्याही खाली जाते, म्हणजे लीक असेल तर गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आणि ओलावा आत येतो, म्हणून आधी नायट्रोजनने लीक शोधा, मग पंपाने सिस्टममधली हवा काढून व्हॅक्युम नीट घ्या.

कॉम्प्रेसर बदलताना खाली कड असलेला ट्रे ठेवा. तेलाचा थेंब मार्बलवर पडलाच तर पुसत पसरवू नका, टिपकागदाने टिपा, वर टाल्कम पावडरचा जाड थर टाकून काही तास राहू द्या, झाडून परत टाका. आणि मालकांना त्याच क्षणी सांगा. लपवलेला डाग दुसऱ्या दिवशी दिसतोच.

फ्रीज बाहेर आलाच आहे तर कंडेन्सर ब्रशने आणि व्हॅक्युमने एकदम साफ करा, ब्रशबरोबर नळी धरली नाही तर काळी धूळ सगळ्या किचनवर बसते. मागचा ट्रे धुवा. खणाचा तळ पुसा, फळी ओलीने फुगली असेल तर दाखवा.

काम झालं की लगेच आत ढकलू नका. फ्रीज तिरका झाला असेल तर कॉम्प्रेसरचं तेल परत खाली यायला दोन-तीन तास उभा ठेवा, मग बाहेरच चालू करा आणि कूलिंग पकडतंय हे बघा. दुसऱ्यांदा बाहेर काढणं म्हणजे फरशीला दुसऱ्यांदा धोका.

परत बसवणं

उलट क्रमाने, पण घाई न करता, संध्याकाळ झालेली असते आणि सगळ्यात जास्त ओरखडे परत ढकलतानाच पडतात. प्लाय आणि पाट परत झाडून घ्या, काढताना पडलेले प्लास्टिकचे तुकडे तिथे असतात. एकजण सुतळीने वायर घेत राहील, दुसरा ढकलेल. आत गेला की पाय लिहिलेल्या फेऱ्यांवर आणा, मग पाणसळ ठेवून बघा.

स्क्रूचं भोक ढिलं झालं असेल तर गुल उडवलेल्या काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोका, वाळू द्या, कडेने कापा आणि मग स्क्रू भरा. जाड स्क्रू मारून पॅनेल फाडू नका.

शटर पेन्सिलच्या रेघांवर बसवा. शेजारच्या शटरशी फट साधारण ३ मिलिमीटर हवी, त्यासाठी मी जुनी एटीएम कार्डं वापरतो, एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं, चार एकावर एक ठेवून वर, मध्ये, खाली फटीत सरकवून बघायची. जिथे अडकतात तिथे बिजागरीचा स्क्रू पाव फेरा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी मी अनेक वर्षांच्या कार्पेंटरांनाही चुकताना बघितलंय. दार बंद करताना आधी फ्रीजचं गॅस्केट चिकटलं पाहिजे आणि शटर किचनच्या बॉक्सला टेकायच्या आत एक-दोन मिलिमीटरवर थांबलं पाहिजे. शटर आधी टेकलं तर गॅस्केट पूर्ण दबत नाही, बारीक हवा आत जात राहते, मग मागे बर्फ, बाहेर घाम, आणि तोच घाम शटरच्या खालच्या कडेतून आत शिरून लॅमिनेट उचलतो. कागदाची पट्टी दारात धरून चारही बाजूंनी ओढून बघा, सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. एका कोपऱ्यात सहज निघाली तर शटर त्या बाजूला ब्रॅकेटवर एक-दोन मिलिमीटर पुढे घ्या.

स्कर्टिंग बसवायच्या आधी खाली पांढरा टिश्यू पेपर सारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना फोन करून काढायला सांगा. कोरडा निघाला तर पट्टी क्लिपांवर दाबून बसवायची, सिलिकॉन न मारता. ओला निघाला तर ट्रे किंवा नळी अजून गळतेय, त्याच दिवशी परत जा.

निघायच्या आधी खणाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, टेपवर लिहून चिकटवा: वर चार स्क्रू, एक बिजागरीमागे काळ्या टोपणाखाली, बाजूला दोन, डावा पाय तीन फेरे, उजवा साडेतीन, पाटाची उंची, आणि तारीख. पुढच्या वेळी तिथे तुम्ही असाल किंवा दुसरा कुणी पोरगा, त्याला टॉर्च घेऊन पाऊण तास शोधत बसावं लागणार नाही.